साबुदाण्यावर बसलेला डोंगर

२ मार्च, सोमवार

आलो एकदाचा! दिंडोरी रोडच्या आतल्या अंगाला, द्राक्षबागांच्या मधोमध हे बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज वर्षाच्या कराराने घेतलं आणि आज सकाळी कुलूप काढून आत पाऊल टाकलं. बाहेर ऊन टोचत होतं, क्रेटांनी भरलेले ट्रॅक्टर धुरळा उडवत चालले होते. मी आत उभा राहून मोठ्याने हसलो. आवाज भिंतींनी गिळला. फोम भरलेल्या पफ पॅनेलच्या खोलीत हाक परत येत नाही, कान बोथट झाल्यासारखे वाटतात. मला ते जरा खटकलं, कारण माझे कान हेच माझं भांडवल. कारखान्यात पन्नास शिलाई मशिनी एकदम चालू असताना कोणत्या मशिनीची सुई बोथटलीय ते मी केबिनमध्ये बसून सांगतो.

मी रंगनाथ. मूळचा येवल्याचा. वडील पैठणीच्या मागावर. मी मागावरून उठून नाशिकला आलो आणि पंचवटीत हातगाडीवर रेनकोट विकले. गोदाकाठच्या गुरुजींना विकले, त्यांच्या यजमानांना विकले. आता माझ्या कारखान्यातली जॅकेटं बर्फात जातात. आपण शिवतो ते कुठे घालतात ते बघायला सहा वर्षांपूर्वी गुलमर्गला गेलो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी स्की शिकलो. लोक म्हणाले, नाशिकचा माणूस बर्फावर काय करणार, पाय मोडून येईल. मला नाही म्हणणाऱ्या माणसांनीच मोठं केलंय.

आता बेत असा. मनालीच्या वरच्या अंगाला एक धार आहे. तिथे लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही. स्कीच्या तळाला पट्टे चिकटवून आपल्याच पायांनी चढायचं आणि कोऱ्या बर्फावरून उतरायचं. मी, माझी लेक तेजल आणि मनालीचा गाइड. एप्रिलचा दुसरा आठवडा. तोवर तो डोंगर मी इथे बांधणार, डोळे मिटून उतरता येईल इतका पाठ करणार आणि इथलं मशीन चालू करून त्याच्या थंडीत नवी जॅकेटंही तपासणार. गाइडचा नियम आहे, बर्फाचं रोज लिहून ठेवायचं. म्हणून ही वही.

जागेवर केरू आणि सिंधुबाई हे राखणदार जोडपं राहतं. केरू कमी बोलतो. त्याची भरपाई सिंधुबाई करतात.

४ मार्च, बुधवार

डोंगर उभा राहिला. गणपतीची आरास करणारी पोरं बोलावली होती. नकाशाच्या रेघा थर्माकोलवर कापल्या, एकावर एक चढवल्या, वर प्लास्टर. दोन खोल्यांएवढा पसारा झाला. धार माझ्या डोक्याच्या वर जाते, मागून शिडी लावावी लागते.

बर्फाला काय, तर पांढरी रांगोळी. पंचवटीतून पोती आणली. पण नुसती रांगोळी ओतून भागत नाही. खरा बर्फ थरांचा असतो. खालचा जुना थर कधीकधी साखरेसारखा सुटा दाणेदार होतो, वरचा थर त्याच्यावर नुसता टेकलेला असतो. माणूस वर उभा राहिला की दाणे बसतात आणि वरचा अख्खा थर घसरतो. तेजलला हे दिसावं म्हणून मी रांगोळीखाली साबुदाणा पसरला.

सिंधुबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, शेठ, आम्ही उपासाला मूठमूठ मोजून भिजवतो आन् तुम्ही डोंगराला जेवू घालता व्हय? मी म्हटलं, डोंगराचाही उपास आहे. तर म्हणाल्या, मग सोडंल कवातरी.

दाणे बसतात तेव्हा आवाज होतो. गुलमर्गला एकदा ऐकलाय. धप्प. धान्याचं पोतं जमिनीवर बसतं तसा, पण पोतं आपल्या पायाखाली आणि शेताएवढं. तेव्हा काही झालं नाही, उतार धरून राहिला. पण शिकवणाऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

७ मार्च, शनिवार

तेजल आली. तेवीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली उतरते आणि तसं रोज सांगते.

धारेवर माणसं दाखवायची होती. सोंगट्या नव्हत्या, मग मी सिंधुबाईंकडून तीन सुपाऱ्या मागितल्या. पूजेत देवाच्या जागी सुपारी चालते, तर माणसाच्या जागी का नाही? माझ्या सुपारीवर पेनने ठिपका, गाइडच्या सुपारीवर फुली, तेजलच्या सुपारीला लाल दोरा. शिडीवर चढलो, प्रत्येकीखाली चिमूटभर तांदूळ ठेवले आणि गुरुजींच्या सुरात नावं घेऊन आवाहन केलं. पंचवटीत इतकी वर्षं काढलीत, सूर पाठ आहे. अक्षता टाकल्या. तेजल हसून हसून खाली बसली, व्हिडिओ काढला.

सिंधुबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, नाव घेऊन बसवली की ती सुपारी ऱ्हात नाय. ज्यानं बसवली त्यानंच अक्षता टाकून जागची हलवायची असती, नायतर तशीच बसून ऱ्हाती. मी म्हटलं, राहू द्या की, भाडं भरलंय.

मग बापलेकीची जुंपली. मला पश्चिमेच्या रुंद उतारावरून जायचंय. तेजलला मधली नाळ हवी. ती नाळ अरुंद, उभी, दोन्हीकडे खडक. वरून काही सुटलं तर बाजूला व्हायला जागा नाही. तेजल म्हणाली, पप्पा, तुम्ही स्की करता की ट्रॅक्टर चालवता? तुम्हाला वळायला शेत लागतं. मी म्हटलं, नाळेतून जाशील तर माझ्या तेराव्यानंतर. ती म्हणाली, मग बर्फ वितळेल.

नाळ नाही. ठरलं.

११ मार्च, बुधवार

सकाळी दार सरकवलं तर रांगोळीवर रेघा.

दोन बारीक समांतर रेघा, सुईने ओढाव्यात तशा. धारेपासून निघून मधल्या नाळेत शिरलेल्या, वळणं घेत घेत अर्ध्यावर आलेल्या आणि तिथे संपलेल्या. सुपाऱ्या जागच्या जागी.

आधी उंदीर म्हटलं. उंदीर समांतर चालत नाही. मग केरूला विचारलं. त्याला राग आला. म्हणाला, मालक, मला वट्ट्यावर रांगोळी काढता येत नाय, तुमच्या डोंगरावर काय काढू. मग तेजलला फोन केला. ती म्हणाली, मी काढली असती तर अर्ध्यावर सोडली नसती.

ते मात्र खरं.

ब्रश फिरवून रेघा पुसल्या. कुलूप बदललं.

१२ मार्च, गुरुवार

पुन्हा रेघा. तीच नाळ. त्याच जागी संपलेल्या.

आज स्टूल घेऊन जवळून बघितल्या. प्रत्येक डाव्या वळणाला बाहेरची रेघ खोल जाते आणि थोडी फरफटते. माझा डावा गुडघा कच्चा आहे. हातगाडी ढकलून झालेला. डावं वळण मी असंच घेतो, गुलमर्गला उस्ताद त्यावरून चिडवायचा.

ह्या रेघा माझ्या आहेत.

१४ मार्च, शनिवार

मी बाजारात वाढलेला माणूस. कोणी तरी मला बनवतंय, असं धरून चालायचं आणि सापळा लावायचा. काल जमिनीभर रांगोळी पसरली, पाऊल पडलं तर उमटेल. मोबाइल कॅमेरा लावला. कॉम्प्रेसरची घरघर बंद केली, म्हणजे मला बाहेरून ऐकता येईल.

आज सकाळी जमीन कोरी. कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरलेलं, नुसता पांढरा पडदा. डोंगरावर रेघा.

आणखी एक. मशीन बंद होऊन दिवस गेला. बाहेर लोखंडी गेटला हात लावला तर चटका बसतो. आत माझा श्वास दिसतो.

सिंधुबाई म्हणतात, उचला त्या सुपाऱ्या, हसण्यावारी नेऊ नका. मी म्हटलं, खेळ ज्याने मांडला त्याला बघू दे. कोण किती दमाचं आहे ते कळेल. मी कोणाच्या भीतीने दुकान बंद केलेलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

भर दुपारी आत जाऊन बसलो. डोंगराकडे पाठ केली आणि कान उघडे ठेवले.

ऐकलं. वरून खाली येणारा आवाज. बारीक, सलग, सरसर. वडील रेशीम गुंडाळायचे त्या असाऱ्यावरून धागा ओढताना होतो तसा. पण हे रेशीम नव्हतं. घट्ट बर्फावरच्या स्कीचा आवाज मी हजार आवाजांत ओळखीन. वळण. सरळ. वळण. मग दुसरा आवाज, मागून, हलका, भरभर वळणारा. तेजल तशी वळते.

मागे वळून बघितलं तर सगळं थांबलेलं.

लाल दोऱ्याची सुपारी धारेवर नव्हती. नाळेत अर्ध्यावर उभी होती, जिथे माझी रेघ संपते तिथे. माझी सुपारी वरच. फुलीची सुपारी कुठेच नव्हती.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. मनालीहून फोन आला. आमचा गाइड मंगळवारी दुपारी आमच्यासाठीच धार बघायला गेला होता. वरून बर्फ सुटला. काल संध्याकाळी सापडला. उभाच होता म्हणे बर्फात.

बेत रद्द. तेजलला सांगितलं. ती रडली, पण हो म्हणाली. म्हटलं, संपलं. डोंगर तिकडे राहील, आम्ही इकडे.

पण मग घरी गेलो, गंगापूर रोडला. तेजल गॅलरीत उन्हात रजई गुंडाळून बसलेली. बोटं पांढरीफटक. डॉक्टर म्हणाले, अंग थंड लागतंय, रक्त तपासू. तिचे केस ओले होते. विचारलं तर म्हणाली, न्हायले नाही मी, पप्पा.

२१ मार्च, शनिवार

रांगोळी वाढलीय. मी आणलेल्या पोत्यांत एवढी मावणार नाही. दारापासून गुडघ्याएवढी. लाल दोरा आता जेमतेम दिसतो. सुपारी गळ्यापर्यंत बुडालीय.

तेजल म्हणते, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. दवाखान्यात ठेवलंय. फोटोत छाती साफ.

लांब बांबूला जाळी बांधली, सुपारी ओढून काढायला. तेजलशी फोन चालू ठेवला होता, तिचा आवाज कानात हवा म्हणून. बांबूचं टोक रांगोळीला लागलं आणि —

धप्प.

पायाखाली. सगळा डोंगर बोटभर खाली बसला. सुपारीच्या वर एक भेग आडवी धावत गेली. त्याच क्षणाला फोनवर तेजल ओरडली. मग नर्सचा आवाज, मग धावपळ.

वाचली. ऑक्सिजनवर आहे.

साबुदाणा मी पसरला. नावं मी घेतली.

२२ मार्च, रविवार

सिंधुबाईंना विचारलं, काय करायचं? त्या म्हणाल्या, ते मी पयल्याच दिशी सांगितलं, तुम्हाला भाडं भरायचं होतं. मग म्हणाल्या, बसवली त्यानंच हलवायची. जवळ जाऊन. बांबूनं नाय.

जवळ कसं जायचं? पाय टाकला की दाणे बसतील. तेजल खाली जाईल.

रात्रभर डोकं लावलं, पहाटे हसू आलं. अरे रंगनाथा, भुसभुशीत बर्फावर बुडू नये म्हणून माणसाने काय काढलं? वजन लांबवर वाटून देणाऱ्या दोन फळ्या. माळ्यावर ठेवल्यात.

उद्या मी नाळ उतरणार. ज्या कोणाला मला तिथेच बघायचंय त्याने बघावं. पण माझ्या रेघा मी काढीन, दुसऱ्याने काढायच्या नाहीत.

२३ मार्च. सकाळ

तेजलला भेटून आलो. बोलता येत नाही, मास्क आहे. माझ्या जॅकेटची चेन वर ओढून दिली. बूट बघितले. सगळं कळलं तिला. बोटाने हवेत नागमोडी रेघ काढली, भराभर, बारीक वळणांची. मग मान हलवली. म्हणजे, ट्रॅक्टर चालवू नका.

स्की पाठीला. खिशात अक्षता. वही छातीशी. सिंधुबाई दारात उभ्या राहणार, हाक मारत राहणार, म्हणजे मला दार कुठे ते कानाने कळेल. केरू त्यांच्यामागे दवाखान्याचा फोन कानाला लावून.

शिडी चढतो.

२३ मार्च. धार

शिडी संपत नव्हती. पायऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं. आता वर आहे. छत दिसत नाही. वारा आहे. कोल्ड स्टोरेजमध्ये वारा —

सिंधुबाईंचा आवाज येतो. लांबून, खालून. गावाच्या वेशीवरून यावा तसा.

माझी सुपारी जागेवर नाही. तांदूळ आहेत. तांदळावर माझे बूट आहेत.

कळलं. बरं.

स्की बांधल्या. येतो, तेजल.

नाळ

उतरलो. हळू. डावं वळण लहान घेतलं, गुडघा धरून राहिला. खाली दाणे कुरकुरत होते, प्रत्येक दाणा ऐकू येत होता. बसले नाहीत.

लाल दोरा दिसला. वाकलो. बोटांनी रांगोळी — ही रांगोळी नाही, हात भिजला — बाजूला केली. अक्षता टाकल्या. आज थट्टा नाही केली. म्हटलं, तेजल, बाळा, ऊठ आता. हलवली.

सहज आली. हातात गरम होती.

खाली फेकली, आवाजाच्या दिशेने. कान लावून बसलो. किती वेळाने सिमेंटवर टक्. मग बांगड्या वाजल्या. मग सिंधुबाई ओरडल्या, घावली, शेठ, घावली!

मग केरू. आयुष्यात पहिल्यांदा इतका मोठ्याने बोलला असेल. म्हणाला, मालक, पोरीनं मास्क काढला. घाम आलाय तिला. पंखा लावा म्हणती.

पंखा लावा म्हणते.

तिथेच

धुकं आलंय. दार दिसत नाही. सिंधुबाईंची हाक कुठून येते ते आता ठरत नाही. बाहेरचे ट्रॅक्टर ऐकू येईनात.

मी तिथेच उभा आहे. पहिल्या दिवशी रेघ जिथे संपली होती, तिथे. पायाखाली बघतो, बरोबर इथपर्यंत. पुढे कोरं.

माझ्या वर भेग आहे. परवाची. मी ऐकतोय तिला. उघडते आहे, सावकाश, कापड फाटावं तशी.

बसवली त्याने हलवायची. मग मलाही मीच हलवायचंय. खिशात थोड्या अक्षता आहेत.

टाकल्या. स्वतःच्या डोक्यावर. रंगनाथा, ऊठ.

रेघ इथे संपते असं कोणी ठरवलं? मला विचारलं नाही. येवल्याहून निघालो तेव्हा तरी कुठे आखलेली होती. पुढची रेघ मी काढीन. डावं वळण आहे पहिलंच. असू दे.

वही छातीशी ठेवतो आणि —

नाही. थांब. दाणे —

धप्प. बसला. सगळा. वरून येतोय, ऐकू येतंय, ये म्हणावं, मी उभा —